फोर टॉप्स ऐकायला शिकवणाऱ्या काकांना

सप्रेम नमस्कार काका,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच चहा टाकायला उठता, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. फोर टॉप्स या डेट्रॉईटच्या चार गायकांच्या गटाच्या तबकड्यांचं अख्खं खोकं तुम्ही माझ्या हवाली केलंत, त्याबद्दल मी ऋणी आहेच. पण त्या तबकड्या ऐकायच्या कशा, हे तुम्ही शिकवलंत. ते ऋण जास्त मोठं आहे.

‘रीच आउट आय’ल बी देअर’ मी डेट्रॉईटला येण्याआधीही कितीतरी वेळा ऐकलं होतं. १९६६ साली ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, हेही माहीत होतं. ऐकू मात्र फक्त मुख्य गायक लीव्हाय स्टब्ज यायचे. आपला कान तसाच घडलेला असतो, गाणारा एक आणि बाकीची साथ. तुमच्या तळघरात त्या दिवशी तुम्ही सुई ठेवलीत आणि बजावलंत, “आज लीव्हायकडे लक्ष द्यायचं नाही.” मग तेच गाणं पुन्हा पुन्हा. एकदा फक्त ड्यूक फकीर यांचा टेनर, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज. एकदा ओबी बेन्सन यांचा खर्जातला आवाज. एकदा मधला लॉरेन्स पेटन यांचा, ज्यांनी या चौघांचे स्वर एकमेकांत बसवले. आणि मग विचारलंत, “वर अजून कोण आहे?” मला बायकांचे आवाज ऐकू आले आणि मी चकितच झाले. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लूवेन डेम्प्स, म्हणजेच अँडान्टीज. मोटाउन या डेट्रॉईटच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या किती गाण्यांत या तिघी आहेत, आणि तबकडीवर त्यांचं नाव नाही. ते तुम्हाला आजही खटकतं. आता मलाही खटकतं.

लीव्हाय मुळात बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचे. ब्रायन हॉलंड, लॅमाँट डोझियर आणि एडी हॉलंड हे तिघे त्यांच्यासाठी मुद्दाम चढ्या पट्टीत गाणी बांधायचे, म्हणजे वरच्या सुराला पोहोचताना जीव काढावा लागेल. म्हणून तो आवाज विनवणी करतोय, हाक मारतोय असं वाटतं. पण मागचे सहा जण तिळभरही हलत नाहीत. ते डळमळले असते तर लीव्हायचं गाणं नुसती आरडाओरड झालं असतं, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही सांगलीकडचे, तुम्हाला शाहिराच्या मागचे झीलकरी आठवले यात नवल नाही. शाहिराचा दम संपतो तिथे झीलकऱ्यांचा सूर त्याला झेलतो. हेही तसंच.

‘बर्नाडेट’च्या शेवटाजवळ वाद्यं थांबतात, गाणं संपलं असं वाटतं. तुम्ही तेव्हा उजव्या हाताचं बोट वर धरायचात. क्षणभर शांतता, लीव्हायची ती एकच हाक, आणि जेम्स जेमर्सनचा बेस परत धावायला लागला की बोट खाली. ते आता माझ्याही हाताला लागलंय. गाडी चालवतानासुद्धा बोट वर जातं.

या चौघांनी यशाची वाट किती पाहिली, हेही तुमच्याकडूनच कळलं. १९५३ साली डेट्रॉईटची ही शाळकरी पोरं एकत्र आली. १९५६ साली चेस, १९६० साली कोलंबिया अशा ध्वनिमुद्रण कंपन्या झाल्या, मधली वर्षं क्लबांमधून जॅझ गाण्यात गेली. १९६३ साली मोटाउनमध्ये आले तरी आधी जॅझचीच ध्वनिमुद्रिका केली. ती कंपनीने बासनात ठेवली, लोकांपर्यंत आली १९९९ साली. १९६४ साली ‘बेबी आय नीड युअर लव्हिंग’ आलं आणि मग मागे वळून पाहावं लागलं नाही. १९६५ साली कोलंबियाने त्यांचं जुनं गाणं परत बाजारात आणलं, तर त्याला उत्तर म्हणून मोटाउनने एका दिवसात ‘इट्स द सेम ओल्ड साँग’ लिहून, ध्वनिमुद्रित करून रेडिओवाल्यांच्या हाती दिलं. घाईत झालेलं ते गाणं मला आजही त्यांच्या नीटस गाण्यांपेक्षा जिवंत वाटतं.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या त्या लहानशा घरात, मोटाउनच्या जुन्या स्टुडिओत, तुम्ही मला घेऊन गेलात. स्टुडिओची खोली बघून मी म्हटलं, इतकीच? तुम्ही काही बोलला नाहीत, नुसते उभे राहिलात. तुम्ही १९६८ च्या हिवाळ्यात इथे आलात, तेव्हा शहर आदल्या उन्हाळ्याच्या दंगलीतून सावरत होतं. १९७२ साली मोटाउन लॉस एंजेलिसला गेलं, फोर टॉप्स गेले नाहीत. कंपनी सोडली, शहर सोडलं नाही. तुम्हीही सोडलं नाहीत. का, हे मी कधी विचारलं नाही, विचारायची गरजही वाटली नाही.

ड्यूक यांचे वडील पूर्व बंगालमधून आलेले, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा फकीर या आडनावाचा उलगडा झाला. ओबींची गोष्ट तर मी मंडळात सगळ्यांना सांगत असते. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत पोलीस तरुणांना मारत असताना त्यांनी पाहिलं, त्यातून ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या गाण्याची सुरुवात झाली. स्वतःच्या गटाने ते नाकारलं आणि ते मोटाउनचाच गायक मार्विन गे याच्याकडे गेलं. मागे उभं राहून गाणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं इतकं काही होतं.

आणि लीव्हाय. त्यांचं नाव गटाच्या नावापुढे लावायला लोक तयार होते, त्यांनी लावू दिलं नाही. १९९७ साली पेटन गेले तोवर ४४ वर्षं तेच चौघे. २००५ साली बेन्सन गेले, २००८ साली लीव्हाय. शेवटचे ड्यूक, ८८ व्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये. ती बातमी तुम्हीच फोन करून दिलीत. नंतर बराच वेळ आपण दोघंही काही बोललो नाही.

आता मंडळाच्या समूहगानाबद्दल. आमची तालीम म्हणजे प्रत्येकाला मुख्य ओळ हवी आणि खालचा सूर धरायला कोणी नाही, अशी गत होती. तुम्ही एकदा येऊन मागच्या रांगेत बसलात आणि सांगितलंत की आज मुख्य ओळ कोणीच गायची नाही, फक्त साथ गायची. सुरुवातीला सगळे वैतागले. शेवटी शेवटी खोलीत नुसता आधार घुमत होता आणि ती न गायलेली ओळ प्रत्येकाला ऐकू येत होती. तेव्हापासून खालच्या पट्टीसाठी माणसं शोधावी लागत नाहीत. मी तर ती पट्टी सोडायलाच तयार नाही.

एक भांडण मात्र बाकी आहे. १९७३ चं ‘एन्ट नो वूमन’ तुम्ही हलकं मानता, कारण ते मोटाउन सोडल्यानंतरचं. मला ते पटत नाही. लीव्हाय तिथे जिवाच्या आकांताने गात नाहीत, सैलावून गातात, आणि तेही त्यांना शोभतं. येत्या शनिवारी तबकडी घेऊन येते. या वेळी कुठे लक्ष द्यायचं ते मी सांगणार.

काकूंना नमस्कार.

तुमची,
समूहगानातली खालच्या पट्टीवाली