वाटेवरच्या खेपा

कोल्हापूर

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

कोणत्या ट्रकला केव्हा खेप द्यायची, हे ठरवणारी प्रणाली तू नियंत्रण सिद्धांताच्या, म्हणजे परिणाम पाहून पुढची आज्ञा सुधारत राहण्याच्या शास्त्राच्या, आधारे बांधतो आहेस, हे वाचून मला साखर कारखान्याच्या यार्डातले माझे हंगाम आठवले.

यार्ड रिकामे दिसू लागले की आम्ही ऊसतोडीच्या जादा चिठ्ठ्या, म्हणजे तोडीचे हुकूम, काढत असू. पण तोड, भरणी आणि वाट धरून ऊस गव्हाणीपाशी, म्हणजे गाळपाच्या तोंडाशी, यायला १६ तास लागत. तोवर यार्ड रिकामेच दिसे, म्हणून आम्ही आणखी चिठ्ठ्या काढत असू. दुसऱ्या दिवशी सगळी वाहने एकदम येत, रांग फाटकाबाहेर जाई, रांगेत ताटकळलेल्या उसाचे वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटत. मग घाबरून आम्ही तोड थांबवत असू, आणि तिसऱ्या दिवशी 'नो केन', म्हणजे ऊसच नाही, अशी वेळ येऊन गाळप बंद पडे. दोष मात्र आम्ही ऊसतोड टोळ्यांना आणि चालकांना देत राहिलो.

नियंत्रण अभियंते ऑटो स्मिथ यांनी १९५७ साली अशा उशिरावर मांडलेला उपाय तू कळवलास, तो मला लगेच पटला: दिलेल्या, पण अजून परिणाम न दिसलेल्या आज्ञाही हिशेबात धरायच्या. तासाला २०० टन गाळप आणि ट्रकमागे २० टन ऊस धरला, तर तासाला १० ट्रक लागतात. म्हणजे १६ तासांच्या उशिरात १६० खेपा वाटेवर असायलाच हव्यात. आम्ही यार्ड मोजत होतो, वाटेवरच्या खेपा नाही.

मात्र हा उपाय उशिराचा अंदाज बरोबर असेल तरच नीट चालतो. अवकाळी पाऊस पडून शेतात चिखल झाला, की गगनबावड्याकडच्या खेपेचा वेळ भलताच वाढतो. म्हणून प्रत्यक्ष खेपांवरून तो अंदाज सतत सुधारत राहा आणि दुरुस्ती बेताने कर.

चालकाची झोप ही न मोडता येणारी अट म्हणून लिही. तिची नुसती किंमत लावलीस, तर टंचाईच्या रात्री यंत्र ती किंमत मोजेल आणि चालकाला उठवेल. दोन रात्री जागलेल्या एका चालकाला मी असेच उठवून चिठ्ठी दिली होती. पहाटे त्याची गाडी ओढ्यात गेली. तो वाचला, पण पुन्हा गाडीवर बसला नाही.

तुझे बाबा