नवा पॉड (ई-सिगारेट) घ्यावा का?

महोदय,

भाचा भंवरकुआला क्लासला जातो. परवा पोहे खाता खाता विचारतो, "मामा, जुना पॉड गळतोय, नवा घेऊ? बॅटरी मोठी आहे." मी म्हटलं, मोठी बॅटरी म्हणजे दिवसभर ओढायची सोय! आत निकोटीन तेच. शिवाय २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळंच बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मग बिल नाही, वॉरंटी नाही. द्रवात काय घातलंय ते विचारायचं कोणाला? तरी टपरीवर माल मिळतोच (पेनड्राइव्हसारखा दिसतो, आईबापांना पत्ताही लागत नाही). क्लासच्या आसपासच्या टपऱ्या पोलिसांनी तपासाव्यात. भाच्याला जुनाही टाक म्हटलंय. अजून ऐकलेलं नाही.

— एक मामा, रामबाग, इंदूर