आईचा पिन

नागपूर,
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार. घरी सगळे बरे आहेत, माझी साखर आटोक्यात आहे आणि थंडी पडल्यामुळे आईचा गुडघा कुरकुरतो आहे. प्रकृतीचे प्रकरण इथेच मिटवते. पत्र लिहायला बसले ते दादामुळे. हे फोनवरही सांगता आले असते, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मला हे शेवटपर्यंत सांगायचे आहे.

मागच्या आठवड्यात आईला एक फोन आला. समोरचा गृहस्थ फार अदबीने म्हणाला, की तुमचा हयातीचा दाखला पोहोचलेला नाही, पेन्शन थांबेल, तेव्हा पाठवलेली लिंक उघडा आणि आलेला ओटीपी सांगा. आई म्हणाली, "दाखला मी माझ्या हाताने दिला आहे, त्याचा नंबरही माझ्याजवळ आहे," आणि तिने फोन ठेवला. संध्याकाळी मी सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोनची तक्रार करायच्या 'चक्षू' या सोयीत, तो नंबर नोंदवला. एक पैसाही गेला नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी कौतुकाने हे दादाला सांगितले. त्याने मात्र त्यातून नेमका उलटा अर्थ काढला. त्याचे म्हणणे असे, की आज ती सावध होती, उद्या नसेल, म्हणून तिच्या मोबाइलवरून बँकेचे ॲप काढून टाकावे आणि तिला त्याच्या यूपीआय सर्कलमध्ये घ्यावे.

तुला हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. 2024 पासून अशी सोय आहे, की एक खातेदार आपल्या खात्यातले पैसे दुसऱ्या माणसाला यूपीआयवरून खर्च करू देतो. एका पद्धतीत महिन्याला 15,000 रुपयांपर्यंत मोकळीक असते, तर दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक व्यवहार खातेदाराने स्वतःचा पिन घालून मंजूर करावा लागतो. दादाला दुसरी पद्धत हवी आहे. म्हणजे आई गोकुळपेठेच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी राहणार आणि दादा पुण्यात मीटिंगमधून बाहेर येऊन मंजुरी देणार. ज्यांचे स्वतःचे खाते नाही त्यांच्यासाठी ही सोय चांगलीच आहे. पण आईचे खाते आहे, त्यात तिचे पेन्शन येते, आणि तिला पैसे मागायची गरज उरलेली नाही.

इथेच मला तू आठवलीस. पचमढीच्या सहलीचे पैसे भरायचा शेवटचा दिवस होता, भाऊ, म्हणजे माझे वडील, रेल्वेची गाडी घेऊन इटारसीला गेले होते, आणि आई अजनीच्या क्वार्टरमधून मंदाकाकूंकडे पैसे मागायला गेली तेव्हा तू आमच्या दारात उभी होतीस. तिचा चेहरा तू पाहिला आहेस. भाऊंनी तिला कधी काही नाकारले नाही, हे तुलाही माहीत आहे. पण पासबुक त्यांच्या कपाटात, सही त्यांची, आणि बँकेचा व्यवहार दुपारी आटोपलेला. घरात पैसे असूनही तिच्या हाती नव्हते. आज ती सकाळी चष्मा लावून खात्याचा उतारा वाचते, महावितरणचे बिल आणि घरटॅक्स स्वतः भरते. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी, म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवायची सोय, चोवीस तास चालते हे कळल्यापासून नातवाच्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता पैसे पाठवते, आणि तो बिचारा झोपेतून उठून तिला धन्यवादाचा फोन करतो. हयातीचा दाखला तिने यंदाही घरीच, मोबाइलसमोर चेहरा धरून दिला. कॅमेरा पापण्या मिटायला सांगतो तेव्हा मात्र तिला हसू येते. किराणा दुकानात पैसे दिल्यावर ते मशीन बोलल्याशिवाय ती पायरी उतरत नाही, आणि दुकानदार तिला पाहताच त्याचा आवाज वाढवतो.

तू म्हणशील, बँकेत चार माणसे भेटतात. सदर भागातल्या कॉफी हाऊसमध्ये याच मुद्द्यावर आपले किती कडाक्याचे भांडण झाले होते, आणि तू बिल न भरता निघून गेली होतीस! माझे उत्तर आजही तेच आहे. आई अजूनही शाखेत जाते, पासबुक भरून घेते, काउंटरवरच्या मुलीची चौकशी करते. पण मनात आले की जाते, मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभे राहण्यासाठी नव्हे.

दादाची भीती खोटी नाही, हे मी मानते. 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे चूक बँकेची नसेल आणि आपलीही नसेल, तर कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास नुकसान आपल्यावर येत नाही; परंतु पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंत जे जाईल ते आपलेच. म्हणून आम्ही दोघींनी बसून व्यवस्था केली आहे. रोजच्या खर्चाचे खाते वेगळे, त्यात महिन्यापुरतीच रक्कम. यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेले. पेन्शनच्या खात्यावरची ऑनलाइन मर्यादा ॲपमध्ये जाऊन कमी केली. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे तिला पाठ आहे. भामटे फोनवरून ज्या 'डिजिटल अटके'ची धमकी देतात, तशी कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, हेही पाठ आहे. ऑनलाइन फसवणूक कळवायचा 1930 हा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. हे सगळे दादाला सांगितले, तर तो म्हणतो, "एवढे करण्यापेक्षा ॲपच नको." आईला हे कळले तेव्हा ती एवढेच बोलली, "तो मला काय समजून राहिला आहे?" आणि देवघरात निघून गेली. तेव्हापासून माझे कशात लक्ष लागत नाही. तिने चिडून भांडण केले असते, तर मला एवढी काळजी वाटली नसती. उद्या दादाचे मन राखायला ती स्वतःच मोबाइल त्याच्या हाती देईल, याची मला भीती वाटते.

नाशिकचे नवे घर लागले का? सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले, आनंद झाला. ओंकारच्या लग्नाची तारीख ठरताच कळव, आम्ही सगळे येऊ.

दादा डिसेंबरच्या सुटीत इथे येणार आहे. माझे तो ऐकत नाही, तुझे लहानपणापासून ऐकतो. तो यायच्या आधी त्याला फोन कर, शनिवारी संध्याकाळी तो मोकळा असतो. त्याला पचमढीची गोष्ट सांग. तो तेव्हा हॉस्टेलवर होता, त्याला ती ठाऊक नाही. आणि खर्चाच्या खात्याची मर्यादा अजून कमी हवी असेल, तर त्याने आईशेजारी बसून, तिला विचारून ती ठरवावी, असेही त्याला सांग.

तुझीच,
नंदा