ओव्हरक्लॉकिंग करा, पण व्होल्टेज ‘ऑटो’वर नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्या लागल्या की जळगाव-भुसावळकडची पोरं डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वाढवायच्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या, मागे लागतात. हौस चांगलीच आहे. पण व्हिडिओतले आकडे बहुधा एसीच्या खोलीतले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो. हिटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १२ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर सरकतो. जानेवारीत ८० अंशांवर मुकाट चालणारी सेटिंग मेमध्ये ९२ दाखवते ती त्यामुळे.

मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) वाढवून व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडणे हे यातलं सगळ्यात महागात पडणारं काम. मशीन अडकू नये म्हणून बरेच मदरबोर्ड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन मोकळे होतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ चे १.३५ व्होल्ट झाले की त्याच वेगाला सुमारे १७ टक्के जास्त उष्णता, सोबत ४.५ चे ४.७ गिगाहर्ट्झ केले तर २२ टक्के. वेग मात्र वाढतो साडेचार टक्के!

त्यामुळे बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) व्होल्टेज स्वतः ठरवा. वेग एका वेळी १०० मेगाहर्ट्झनेच वाढवा. ओसीसीटी किंवा प्राइम९५ हे प्रोसेसरला पूर्ण ताण देणारे प्रोग्राम लावून अर्धा तास बघा, तापमान एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामवर. निळा स्क्रीन आला (विंडोज कोलमडलं) तरच ०.०१ ते ०.०२ व्होल्ट चढवा. स्क्रीन निळा होत नाही, पण वेग आपोआप घसरतो? मग बहुधा प्रोसेसर तापतोय. तिथे व्होल्टेज चढवणं म्हणजे आगीत तेल. चाचणी भर दुपारी करा. पहाटे पास झालेल्या सेटिंगचा भरवसा नाही. मशीन वरवर ठीक चालत असलं तरी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (नोंदवहीत) ‘व्हीआ’च्या (WHEA, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकांच्या) नोंदी दिसल्या तर सेटिंग कच्ची समजा.

प्रोसेसरवर लोड (कामाचा ताण) आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं. ते थोपवणारी लोड-लाइन कॅलिब्रेशन ही बायोसमधली सेटिंग पोरं सरळ शेवटच्या पायरीवर नेतात. मग लोड सुटताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, आणि ती इतकी क्षणिक असते की सॉफ्टवेअरला दिसतही नाही. मधली पायरी पुरे.

आमचं मत विचाराल तर खान्देशात मार्च ते जून वेग कंपनीचाच ठेवून व्होल्टेज ऑफसेटने (नेहमीच्या व्होल्टेजमधून ठरावीक वजावट करणाऱ्या सेटिंगने) ०.०५ व्होल्टनी उतरवून बघावं. चाचणीत टिकलं तर पंख्याचा आवाजही कमी होतो.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे के मालिकेतले (वेग वाढवता येणारे) प्रोसेसर असतील तर आधी बायोस अद्ययावत करा. जादा व्होल्टेजमुळे ते निकामी होत असल्याचं समोर आल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला आळा घालणारा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली सूचनावली, ती बायोस अपडेटमधून येते) दिला. अपडेट मात्र यूपीएसवरच करा; मध्येच लाइट गेली तर बोर्डच बसतो.

आपले,
संगणक दुरुस्ती करणारे काही वाचक, भुसावळ