घंटागाडीची वेळ ठरवा, बाकीचं आम्ही करतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरमध्ये नाशिक शहरातल्या कचऱ्याबद्दल, २०२७ च्या कुंभमेळ्याच्या तयारीबद्दल रोज काही ना काही येतं आणि ते यायलाच पाहिजे. पण जिल्ह्यात आमच्यासारखी तालुक्याची गावं पण आहेत, जिथे नगरपरिषद आहे, घंटागाडी आहे, घरपट्टी वेळच्या वेळी वसूल होते आणि तरी प्रत्येक वळणावर उकिरडा आहे, त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एकच आहे. गाडी कुठल्या गल्लीत किती वाजता येणार ते ठरवा आणि रोज त्याच वेळेला आणा.

आमच्याकडे गाडी कधी सकाळी साडेसहाला येते, कधी साडेदहाला, कधी येतच नाही. गाणं लांबून ऐकू येतं, बायका गॅस बारीक करून डबा घेऊन जिना उतरतात तोवर गाडी पुढच्या चौकात. माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जातात, मी आठच्या बसने निघते, सासूबाईंना गुडघ्यामुळे ओली बादली घेऊन खाली उतरणं जमत नाही, अशी घरं एकट्या आमच्या गल्लीत निम्मी असतील. मग भाजीची देठं, खरकटं, शिळी पोळी सगळं घरातच राहतं, एप्रिल-मे मध्ये तर दुपारपर्यंत वास सुटतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात अळ्या. माणूस शेवटी एका पिशवीला गाठ मारतो आणि कामावर जाताना डीपीपाशी ठेवून देतो. एकाने ठेवली की दुपारपर्यंत तिथे दहा होतात, कुत्री आणि मोकाट गाया त्या फोडतात आणि संध्याकाळी कोणीतरी तो ढीग पेटवून देतं, प्लास्टिकसकट. तो धूर समोरच्या अंगणवाडीच्या खिडकीतून आत जातो हे मी डोळ्यांनी बघते.

यावर नगरपरिषदेच्या ऑफिसात गेलं की ऐकायला मिळतं, लोकांना शिस्त नाही. हे मला अजिबात पटत नाही. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, पहाटे पाचला, तर पाचला सगळी गल्ली जागी असते, कोणाला सांगावं लागत नाही, कारण वेळ माहीत असते आणि पाणी त्या वेळेला येतं. दूधवाल्याचं तसंच. लोकं वेळ पाळतात हो, आधी वेळ तर द्या.

आणि ओला सुका वेगळा करा म्हणून जे सारखं सांगतात ते सुद्धा या वेळेवरच अडलंय. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्येच स्पष्ट लिहिलं होतं की प्रत्येक घराने ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा द्यायचा आणि पालिकेने तो दारातून वेगळाच उचलायचा. बरोबर आहे. पण ज्या दिवशी गाडी चुकते त्या दिवशी दोन्ही बादल्या एकाच पिशवीत रिकाम्या होतात, आठवड्यात हे वारंवार झालं की वेगळं ठेवायची सवय मोडते, आणि ज्यांची मोडत नाही त्यांच्या डोळ्यांदेखत गाडीवाला दोन्ही एकाच कप्प्यात ओततो. मधला पत्रा वाकलेला आहे, हेल्पर एकच, मागून ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.

त्या हेल्परबद्दल पण लिहायचंय. आमच्या गाडीवरचा मुलगा विशीतला असेल. हातमोजे नाहीत, पायात स्लीपर. मागच्या महिन्यात त्याच्या अंगठ्याला फुटलेल्या ट्यूबची काच लागली तर तिथलीच एक चिंधी गुंडाळून तो पुढच्या घरी गेला. बायका सॅनिटरी पॅड त्याच्या हातात द्यायला संकोचतात, त्यालाही अवघडल्यासारखं होतं, म्हणून काळ्या पिशवीत बांधून रात्री नाल्यात टाकतात. गाडीला बाजूला झाकणाचा एक वेगळा डबा लावला आणि आपण स्वतः त्यात टाकायचं असं ठेवलं तर हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो, खर्च तो केवढा. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचे नाले शेवटी गोदावरीला मिळतात आणि पुढे नांदूर मध्यमेश्वर आहे, ज्याला २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला. थंडीत तिथे पक्षी बघायला आपणच जातो ना.

गाडीची वेळ का चुकते हे मी ड्रायव्हरलाच विचारलं. एक गाडी बंद पडून आहे म्हणून दोन वॉर्ड त्याच्याकडे, गाडी भरली की डेपोवर जाऊन खाली करायची, परत यायचं, त्यात मुकादमाचा फोन आला की आधी बाजारपेठ नाहीतर कोणा पुढाऱ्याची गल्ली. म्हणजे दोष त्याचा नाहीच, रूट कागदावर नीट बसवलेलाच नाही. शिवाय ठेकेदाराचं बिल वजनावर निघत असेल तर त्याला घरोघर थांबून काय फायदा, बांधकामाची माती आणि कोपऱ्यावरचा ओला ढीग उचलला की काटा भरतो. बिल घरांच्या हजेरीवर, म्हणजे किती घरांचा कचरा उचलला त्यावर काढा. आमच्या दारावर त्यासाठी क्यूआर कोड चिकटवून गेलेत, आता तो उन्हाने पांढरा पडलाय, एकदाही कोणी मोबाईल लावलेला बघितला नाही.

आपला भाग द्राक्षाचा, कांद्याचा. शेणखताचा भाव काय झालाय ते कुठल्याही बागायतदाराला विचारा. ओला कचरा नीट वेगळा आला तर त्याचं चांगलं खत होतं, शासनाने त्याला हरित महासिटी कंपोस्ट असं नाव पण दिलंय. पण माझ्या भावाने गेल्या वर्षी डेपोवरून ट्रॉलीभर आणलं तर त्यात काचा, शाम्पूच्या पुड्या, ब्लेड, बागेत अनवाणी कोण चालणार. परत घेतलं नाही त्याने.

लहान गावाला हे जमत नाही असं कोणी म्हणू नये. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाख लोकसंख्येच्या आतल्या शहरांमध्ये २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी आणि २०२३ ला सासवड देशात पहिलं आलं, तिन्ही आपल्या महाराष्ट्रातली. वेंगुर्ल्याने तर आपल्या डंपिंग ग्राउंडचं पर्यटन स्थळ केलं, लोक तिकडे फिरायला जातात. आणि आपलं नाशिक, जिथे घंटागाडी नव्वदच्या दशकापासून फिरतेय, त्याच्या कुशीतल्या गावात गाडी किती वाजता येते हे कोणी सांगू शकत नाही?

प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या वेळेची पाटी लावा, वीस मिनिटं मागेपुढे चालेल. नोकरदारांसाठी संध्याकाळी सातनंतर एक फेरी ठेवा, रोज नाही तर एक दिवसाआड. सुक्याचे दिवस ठरवून टाका म्हणजे कप्प्याची भानगडच नको. गाडी बंद पडली तर वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच कळवा. आणि त्या मुलांना बूट, हातमोजे द्या, ते आधी द्या.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी सह्यांचं निवेदन तयार केलंय, सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना द्यायला जाणार आहोत. तुमचा तालुका वार्ताहर सोबत आला तर बरं होईल, नाहीतर निवेदन आवक-जावकच्या टेबलावरच राहतं.

आपली,
एक नियमित वाचक, जि. नाशिक