उंची दिसते, लिफ्ट दिसत नाही

संपादक महोदय,

नवे मोठे रुग्णालय उभे राहिले की शहराची आकाशरेषा बदलल्याची चर्चा होते. ही उंची येते कुठून, हे फारसे कोणी विचारत नाही. राहत्या इमारतीत एका मजल्याला साधारण ३ मीटर पुरतात, रुग्णालयात साडेचार लागतात. म्हणजे रुग्णालयाचे १० मजले घरांच्या १५ मजल्यांएवढे. जादा दीड मीटर बहुतेक फॉल्स सीलिंगच्या वर जातो: एसीचे डक्ट, ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या, स्प्रिंकलर, केबल ट्रे, वरच्या संडास-बाथरूमचे पाइप. ऑपरेशन थिएटरमधली हवा तासाला २० वेळा गाळून फिरवावी लागते. ६ बाय ६ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली धरली तरी ताशी २,१६० घनमीटर होतात. त्याला रुंद डक्ट लागतो. उंची छाटून एखादा मजला जास्त बसवला, की डक्ट चेपतात आणि दुरुस्तीला हातही शिरत नाही.

खरी गोम मात्र लिफ्टची. पलंग सव्वादोन मीटरचा, म्हणून केबिनही जेमतेम तेवढीच खोल घेतली जाते. मग उशाशी उभे राहून रुग्णाला श्वास देणारा फुगा दाबणाऱ्याने जायचे कुठे? पायथ्याशी व्हेंटिलेटर, बाजूला सिलिंडर, हे तर वेगळेच. त्यात जेवणाच्या ट्रॉल्या, मळक्या चादरी आणि नातेवाईक त्याच लिफ्टने जाऊ लागले, की रुग्ण दारातच ताटकळतो. उद्घाटनाची फीत कापण्याआधी भरला पलंग, यंत्रे आणि चार माणसे आत घालून पाहावीत.

आग लागली तर इथे सगळ्यांना जिन्याने खाली पळवता येत नाही. म्हणून प्रत्येक मजल्याचे अग्निरोधक भिंतींनी भाग पाडतात आणि रुग्णाला पलंगासकट त्याच मजल्यावर शेजारच्या भागात ढकलतात. कागदावर हे चोख असते. पुढे नवी केबल ओढायला भिंतीला भोक पडते, ते तसेच राहते; धुराला तेवढी वाट पुरते. शेजारच्या भागातल्या मोकळ्या जागेत मोडक्या खाटा साठतात. आणि आपोआप मिटणाऱ्या दारांचा स्ट्रेचरला अडथळा होतो म्हणून खाली लाकडी पाचर ठोकली जाते. तिथे विद्युतचुंबकाने उघडी राहणारी, धुराचा इशारा मिळताच सुटणारी दारे सुरुवातीलाच बसवली, तर पाचर शोधायची वेळच येत नाही.

— रुग्णालय इमारतींच्या यंत्रणांचे काम पाहणारे काही अभियंते