दत्तास पत्र: पावसाळ्याआधी बॅकअपच्या डिस्कचं काय करायचं

खानापूर,
मार्चअखेर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

आप्पांच्या भजनांची रेकॉर्डिंग, लग्नाचे व्हिडिओ, जमिनीच्या उताऱ्यांचे स्कॅन, सगळं दोन हार्ड डिस्कवर घालून कपाटात ठेवलंस आणि विचारलंस, आता काळजी मिटली ना? अजून नाही मिटली रे. सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा कप्पा, बिघडला तर ते तो वाचायला गेल्यावरच कळतं. वर्षानुवर्षं न वाचलेली डिस्क चांगली आहे की नाही, हे तुलाही ठाऊक नसतं आणि डिस्कलाही. म्हणून ती वर्षातून दोनदा बाहेर काढून पूर्ण वाचायची. एकदा होळीनंतर, एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास.

आत्ता होळी झालीय, हवा कोरडी आहे. डबा बंद करायला हीच वेळ चांगली, कारण जी हवा आत कोंडशील तीच चार महिने डिस्कभोवती राहणार. रबरी कडेचा, चारही बाजूंनी खटके लागणारा पाचेक लिटरचा डबा घे. प्रत्येक डिस्क तिच्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घाल आणि तिची केबल तिच्यासोबतच ठेव. ती रुंद, चपटी केबल पाच-सात वर्षांनी ऐनवेळी सापडत नाही. डब्यात सुमारे १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घालून ठेव. नारिंगी दाणे घे, ओल प्याले की ते हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, घरात पोरं आहेत, ते टाळलेलंच बरं. हिरवे झालेले दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. त्याचं भांडं मात्र वेगळं ठेव, परत स्वयंपाकाला नको. सोबत हवेतली ओल मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाक. आकडा ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. ६०च्या वर गेला तर दाणे बदल. तांदळात मात्र डिस्क पुरू नकोस. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पूड कनेक्टरमध्ये जाते.

हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सीलबंद असतात, पण तुझ्याकडच्यासारख्या साध्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं, आत-बाहेरचा दाब सारखा ठेवायला. कव्हर नसलेल्या डिस्कवर ते दिसतं, शेजारी झाकू नका असं छापलेलंही असतं. त्यावर लेबल किंवा चिकटपट्टी येऊ द्यायची नाही. खंडेनवमीला पूजेत मांडणार असशील तर हळदकुंकू डब्याला लाव, डिस्कला नको.

आता तपासणी. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घे, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी लॅपटॉपवरच चालणाऱ्या छोट्या डिस्कचं लिहिणं अर्धवट तुटत नाही. डिस्क लॅपटॉपच्या पोर्टला थेट जोड, एका पोर्टचे अनेक करणाऱ्या हबमधून नको, आणि टेबलावर सपाट ठेव. फिरत असताना हलवायची नाही. गादीवर ठेवलीस तर तापते. तुझी जी मोठी साडेतीन इंची आहे तिला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर लागतो. पिन बसते म्हणून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावलास तर सर्किट जळतं. दोन्ही अडॅप्टरांवर आजच नावं लिही.

विंडोजवर क्रिस्टल डिस्क इन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघड. तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्याने अडकून पडलेले, सी६ म्हणजे दुरुस्तच न झालेले. तिन्ही शून्य असायला हवेत. कच्चे आकडे तिथे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीच्या मोजणीत असतात, १० दिसलं तर ते १६ समज. सी७ या आणखी एका ओळीतला आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा जोडाचा असतो. सी५ शून्याहून जास्त दिसलं तर आधी डेटा दुसरीकडे उतरव, मग बाकीचं. तोवर विंडोजच्या चेकडिस्कची दुरुस्ती चालवू नकोस, ती आजारी डिस्कवरच लिहीत सुटते. टक्-टक् असा आवाज आला तर लगेच बंद कर.

आकडे चांगले असले तरी काम अर्धंच झालं. प्रत्येक फाईलचा शा-२५६, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, काढून त्यांची यादी डिस्कवरच ठेव, आणि एक प्रत लॅपटॉपवरही. टेराकॉपी नावाचा प्रोग्राम हे करून देतो. पुढच्या वेळी त्या यादीशी ताडून बघितलंस की सगळी डिस्क आपोआप वाचली जाते आणि एखादा फोटो गुपचूप बिघडला असेल तर तोही सापडतो. २ टीबी भरलेली असेल आणि वेग सेकंदाला १०० एमबीच्या आसपास असेल तर साडेपाच तास लागतात. सकाळी लाव.

जुन्या कागदांची एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती आपल्याच भागात जास्त भेडसावते. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी आणि नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं कन्नड, दोन्ही तो फॉन्ट नसेल तर निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतात. फाईल शाबूत राहील, वाचता येणार नाही. अशा प्रत्येकाची पीडीएफ आत्ताच करून ठेव, फॉन्ट चालतोय तोवर.

आणि दोन्ही डिस्क एकाच कपाटात ठेवू नकोस. तुझं घर दूधगंगेच्या काठी. २०१९च्या ऑगस्टात चिक्कोडी भागात पाणी कुठवर चढलं ते मी तुला सांगायला नको. एक डिस्क बेळगावात टिळकवाडीत अक्काकडे दे, दिवाळीला भाऊबीजेला जाशील तेव्हा अदलाबदल कर. त्यामुळे एक डिस्क नेहमी थोडी मागे राहील, आणि तेच हवंय. चुकून पुसलेली फाईल किंवा व्हायरसने कुलूपबंद केलेली फाईल तिच्यात अजून शिल्लक असते. अक्काकडची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या कुलपाने, बंद करणार असशील तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून वहिनींकडे दे. ती हरवली तर डिस्क धडधाकट असूनही काही हाती लागणार नाही.

एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) किंवा पेनड्राइव्हवर घालून विसरून जायचा विचार असेल तर सोड. त्यांतला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो, वीज न मिळता पडून राहिल्या की तो हळूहळू झिरपतो, उन्हाळ्यात लवकर. रोजच्या वापराला त्या उत्तम. आणि डिस्क पाच वर्षांची झाली की चांगली चालत असली तरी नवीन घेऊन तिच्यावर उतरवायची, जुनी तिसरी प्रत म्हणून राहू दे.

या रविवारी दोन्ही डिस्क जोड आणि ०५, सी५, सी६च्या ओळींचे फोटो मला पाठव. आकडे बघून कोणती अक्काकडे द्यायची ते सांगतो. काकूंना आणि वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन